विंचू, पान पंचेचाळीस

कर्नाटकातल्या आमच्या सीमाभागातल्या मराठी शाळांमध्ये मला ‘सूचीवाले सर’ म्हणतात. माहितीचं पुस्तक कसं उघडायचं आणि त्यातून हवं ते कसं शोधायचं, हे लेकरांना शिकवण्याबद्दल माझं थोडंफार नाव आहे. त्यासाठी बीदरपासून आळंदपर्यंत मला बोलावणं येतं. हे नाव ज्या एका तासामुळं झालं, तो तास खोटा होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. एकोणीस वर्षं झाली.

आधी माझं काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

गोष्टीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं असतं. माहितीच्या पुस्तकाचं तसं नसतं. त्याला पुढं अनुक्रमणिका असते, मागं सूची असते. चित्राखाली दोन ओळी असतात, मधे जाड अक्षरं असतात, कडेला चौकट असते. ही सगळी दारं आहेत. ज्याला जे हवं त्यानं त्या दारानं आत शिरावं, काम झालं की बाहेर यावं. मोठ्या माणसांना हे सांगावं लागत नाही. लेकरांना सांगावं लागतं, आणि आमच्याकडच्या लेकरांना तर फारच.

त्याला कारण आहे. आमच्या वाड्यांमध्ये घरात पुस्तक म्हणजे पोथी. श्रावणात देवळात पारायण बसतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिल्या अध्यायापासून सुरुवात करायची आणि शेवटपर्यंत न्यायचं. मधली ओवी गाळली तर दोष लागतो, मधूनच उघडलं तर मोठीच चूक. दहा वर्षं हे बघितलेल्या लेकराच्या हातात पुस्तक देऊन तुम्ही म्हणता, ‘बाळ, एकदम शेवटचं पान उघड.’ लेकरू तुमच्या तोंडाकडं बघत राहतं.

मी सुरुवात लग्नपत्रिकेपासून करायचो. फळ्यावर एक पत्रिका चिकटवायची आणि विचारायचं, “यात आधी काय बघता रे?”

“जेवण कधी हाय ते!” अख्खा वर्ग एका आवाजात.

“आणि वरचे देवाचे श्लोक? मामा-काकांची नावं?”

“ते कोण वाचतंय, सर!”

हेच तर शिकायचं होतं. मग हुमनाबादच्या बसस्टँडवरचा फलक. कलबुर्गीला जायचं असेल तर पहाटेच्या पहिल्या गाडीपासून सगळ्या गाड्या वाचता का? नाही. नजर कशी जाते ते मी त्यांना त्यांच्याकडूनच वदवून घ्यायचो.

तरी गमती व्हायच्याच. जाड अक्षरातला शब्द महत्त्वाचा असतो असं मी एकदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक पोरगा धडा वाचताना मधेच केवढ्यानं तरी ओरडला, “पचनसंस्था!” मी दचकलो. “ओरडतोस कामून?” तर म्हणाला, “जाड हाय की, सर.” एकदा मुंगीच्या मोठ्या केलेल्या चित्राखाली ‘वीस पट’ असं लिहिलं होतं. ते न वाचता दोघांची मारामारी झाली. इतकी मोठी मुंगी बल्लारीकडं असती असं एकाचं म्हणणं, आणि त्याचा मामा बल्लारीला होता म्हणून माघार घ्यायला तो तयार नव्हता. चित्राखालच्या ओळी वाचायला त्या दिवशी वर्ग जितका शिकला तितका मी वर्षभरात शिकवला नसता.

तेव्हा मी निर्ण्याच्या वाटेवरच्या एका वाडीत होतो. वाडीचं नाव लिहीत नाही. सहावीचा वर्ग, एकवीस लेकरं. त्यातली एक रेणुका.

रेणुकाच्या घरी पूर्वी मेंढरं होती. तिच्या आजोबांच्या काळात ती गेली, आता थोडी कोरडवाहू जमीन आणि बाकी मजुरी. हे आजोबा म्हणजे बिराप्पा, गावाचे अप्पा. मेंढरांमागं फिरता फिरता वाचायला शिकलेले, आणि देवळातल्या पारायणाला तेच बसायचे. एके सकाळी ते घोंगडी खांद्यावर टाकून शाळेच्या दारात उभे.

“मास्तर, पोरीला काय शिकवायलाव तुमी?”

“काय झालं अप्पा?”

“काल हिनं माझी पोथी मधूनच उघडली. कामून उघडलीस म्हटलं, त म्हणती, मला गाईची गोष्ट पायजे होती, ती सातव्या अध्यायात हाय.”

“मग सापडली का?”

“सापडली की! तेच तर म्हणायलोय. सहा अध्याय न वाचता सापडली!”

मी त्यांना आत बसवलं. म्हटलं, “अप्पा, तुम्हाला एखादी ओवी पुन्हा बघायची झाली तर काय करता?”

“आकडा बघतो. हरेक ओवीला आकडा असतो की.”

“मग लेकरांना मी तेच शिकवतो.”

अप्पांनी खांद्यावरची घोंगडी मांडीवर घेतली. मग म्हणाले, “पारायणाला हे चालायचं न्हाई.”

“पारायणाला नाहीच. शाळेच्या पुस्तकाला.”

“मग असं करा. माझ्या पोथीच्या मागं एक यादी लावून द्या. कुठं काय हाय त्याची. डोळे अधू व्हायलेत, शोधायला बरं पडंल.”

ती यादी मी केली नाही, रेणुकानं केली. वहीच्या दोन पानांवर, कखगघच्या क्रमानं, समोर अध्याय आणि ओवी. सुईदोऱ्यानं पोथीला मागं शिवून दिली. अकरा-बारा वर्षांच्या पोरीनं पोथीला सूची केली. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी असं काही करून दाखवलेलं मला आठवत नाही. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढं मी तिच्याबद्दल काय बोललो ते तुम्ही वाचणार आहात.

शाळेत प्राण्यांच्या माहितीच्या एकाच पुस्तकाच्या आठ प्रती होत्या. प्राणी कुठं राहतात त्याप्रमाणं त्यांचे भाग पाडले होते, त्यामुळं एखादा प्राणी शोधायचा तर मागची सूची बघावीच लागायची. आठातल्या सात प्रती नव्या. आठवी जुन्या छपाईची, कुणीतरी शाळेला दिलेली. तिच्यात पुढं चार पानांची प्रस्तावना होती, नव्या छपाईत ती काढून टाकलेली. म्हणून जुन्या प्रतीत प्रत्येक प्राणी चार पानं पुढं. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जुनी प्रत बांधणीतून सुटलेली होती, म्हणून जपून हाताळणाऱ्या पोरीला, रेणुकाला, दिली होती.

अशात निरोप आला की तालुक्याचे साहेब चार दिवसांनी वर्ग बघायला येणार, पुस्तकातून माहिती शोधायचा तास बघणार. लेकरं शोधायला शिकत होती, पण सावकाश. ‘व’ कुठं येतो हे बघायला बरीच जणं अजून ‘अ’पासून म्हणत सुटायची. चार दिवसांत ते सुधारणारं नव्हतं. मी घाबरलो. शाळेतला सगळ्यात तरुण मी, आणि या पद्धतीचा गाजावाजा मीच केलेला.

मी फळ्यावर तीस प्राण्यांची नावं आणि समोर पानांचे आकडे लिहिले आणि पाढ्यासारखे म्हणवून घेतले. “विंचू?” “एक्केचाळीस!” “घुबड?” “अठरा!” वर आणखी शिकवलं की लगेच उत्तर द्यायचं नाही, आधी मागची पानं फडफडवायची, बोट खाली न्यायचं, मग आकडा सांगायचा. लेकरांना याची फार मजा वाटली. नाटकाचीच तालीम होती ती.

रेणुकानं तेव्हाच विचारलं, “सर, पाठच करायचं त मग ही यादी छापली कामून?”

मी म्हटलं, “पुढच्या आठवड्यात सांगतो.”

साहेब आले. स्वभावानं चांगला माणूस, कन्नडभाषक, मराठी ऐकलेलं समजायचं पण वाचता येत नव्हतं. मी एक नवी प्रत त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली आणि शेजारी कन्नड लिपीत लिहिलेली प्राण्यांची यादी. ते नाव घेत, लेकरं पानं फडफडवत आणि आकडा सांगत. साहेब आपल्या प्रतीत ते पान उघडून चित्र बघत आणि खूश होत. सात-आठ नावं झाली. रेणुका प्रत्येक वेळी खरंच शोधत होती, त्यामुळं तिचं बोट सूचीवर असतानाच बाकीच्यांचं उत्तर होऊन जात होतं.

“विंचू,” साहेब म्हणाले.

“एक्केचाळीस!”

आणि त्या गलक्यामागून एकटा आवाज, “पंचेचाळीस.”

साहेब थांबले. त्यांनी आपल्या प्रतीत पंचेचाळीस उघडलं. तिथं दुसराच प्राणी. त्यांनी तिच्याकडं बघितलं.

“माझ्या पुस्तकात पंचेचाळीस हाय, साहेब,” रेणुका म्हणाली आणि पुस्तक थोडं वर धरलं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. सांगायला एवढंच होतं की तिची प्रत जुन्या छपाईची आहे, तिचं बरोबर आहे. पण मग साहेबांनी विचारलं असतं की त्याच पुस्तकात बघणारी तिच्या शेजारची पोरगी एक्केचाळीस कशी म्हणाली? तिथं सगळं उघडं पडलं असतं.

मी कन्नडात म्हणालो, “तिला अजून सूची बघता येत नाही, साहेब. पोरगी जरा मंद आहे.”

कन्नडात बोललो म्हणजे जणू कमी लागेल असं तेव्हा वाटलं असावं. आमच्याकडच्या लेकरांना दोन्ही भाषा येतात. वर्ग हसला. साहेब मायेनं तिला म्हणाले की नीट बघत जा बाळ, आणि पुढचं नाव घेतलं. रेणुका खाली बसली. तिच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. मी उभा होतो तिथून मला त्या पानावरचा विंचू दिसत होता.

साहेबांनी शेरा चांगला लिहिला. दुसऱ्या शाळांचे शिक्षक माझा तास बघायला येऊ लागले, मग मलाच त्यांच्याकडं पाठवू लागले. पाठ करून घेणं मात्र मी त्या दिवसापासून सोडलं. त्यानंतरचे माझे तास खरे आहेत, हे म्हणायला मला लाज वाटत नाही. हजारभर लेकरं तरी त्यातून शोधायला शिकली असतील. फक्त एक गोष्ट माझ्या प्रशिक्षणात कधीच आली नाही. एकाच पुस्तकाच्या दोन छपाया असल्या तर काय करायचं, हे मी कुणाला शिकवलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचो, असं क्वचित होतं.

रेणुका त्यानंतर कुठलंही पुस्तक पहिल्या पानापासून वाचू लागली. पानावर बोट ठेवून, ओळीमागून ओळ. साप विषारी का बिनविषारी ते शोध म्हटलं तरी प्रस्तावनेपासून सुरुवात. मी एकदा जवळ जाऊन म्हटलं, “रेणू, मागं बघ की, सूचीत.”

ती वर न बघता म्हणाली, “मी मधलं उघडलं की चुकायलंय, सर.”

सातवी संपली. आमच्या वाडीत शाळा तिथंच संपायची. पुढं हुमनाबादला, तेही कन्नड माध्यमात. पोरींना पाठवायचं की नाही हे बहुतेक घरांत मास्तरच्या एका शब्दावर ठरायचं. अप्पा आले. यावेळी आत बसायला तयार होईनात, दारातच उभे राहिले.

“मास्तर, रेणीला हुमनाबादला घालावं का?”

“तुमचा काय विचार?”

“माझा इचार काय? तुमी शिकवलंय. तुमी म्हणाल तसं. हुशार हाय म्हणा, मी जाऊन नाव घालतो. न्हाई म्हणा, ऱ्हाऊ द्या.”

पोरगी हुशार आहे, घाला. चार शब्द होते. पण ज्या वर्गापुढं मी तिला मंद म्हटलं होतं, तोच वर्ग ओट्यावर बसून ऐकत होता. मी म्हटलं, “बघा अप्पा, कन्नडात जड जाईल तिला. तुमचं तुम्ही ठरवा.”

अप्पा जरा वेळ थांबले. अजून काही बोलेन असं त्यांना वाटत असावं. मग “बरं, येतो” म्हणून गेले. रेणुकाचं नाव कुठंच घातलं गेलं नाही. पाच-सहा वर्षांनी तिचं लग्न होऊन ती कमठाण्याच्या बाजूला गेल्याचं कानावर आलं. अप्पाही पुढं वारले.

गेल्या वर्षी कमठाण्याजवळच्या एका शाळेत मला बोलावलं होतं. आसपासचे दहा-बारा शिक्षक मागं बसलेले, समोर पाचवीची लेकरं, हातात देणगीतून आलेली पुस्तकं. मी म्हटलं, “घुबड शोधा.” सगळी लेकरं मागची पानं उलटू लागली. एका पोरीनं मात्र शेजारणीचं पुस्तक ओढून घेतलं, दोन्ही पुस्तकांचं सुरुवातीचं पान उघडलं आणि दोन्हींवर बोट ठेवून काहीतरी ताडून बघू लागली.

“काय बघायलीस बाळ?”

“छपाई बघायले, सर. दोघींचं एकच हाय का ते.”

“हे कुणी शिकवलं?”

“आईनं. आई म्हणती, आधी बाजूचीचं पुस्तक बघ. येगळं निघालं त आपल्या पुस्तकात हाय ते आपण म्हण, आन् पुस्तक वर धर.”

मागं बसलेल्या शिक्षकांनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं. एकानं विचारलं, “सर, हे पद्धतीत नवीन घातलंत का?” मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते माझं मलाच ठाऊक नाही. त्यानं होकार धरला.

पोरीचं नाव भाग्यश्री. “आई कुठं असती तुझी?” मी विचारलं. तिनं खिडकीतून स्वयंपाकखोलीकडं बोट दाखवलं.

रेणुका त्या शाळेत दुपारचा भात शिजवते. मी गेलो तेव्हा ती पातेल्यावर झाकण ठेवत होती. भिंतीवर खडूनं एक तक्ता आखलेला होता: लेकरं किती, तांदूळ किती, डाळ किती, मीठ किती. रकाने सरळ, वर ठळक अक्षरात नावं.

“या सर,” ती म्हणाली. जणू मी रोजच येत होतो. “बसा. सांबार व्हायलंय.”

मी बसलो. तिनंच विषय काढला. “भाग्यश्रीनं छपाई बघितली का?”

“बघितली.” मग मी विचारलं, “तुला कधी कळलं?”

“त्या दिवशी न्हाई कळलं. विंचू त मला दिसत होता, पण सगळे एक्केचाळीस म्हणायले, तुमी बी तसंच म्हणलाव. मला वाटलं, मला आकडेच वाचता येईनात. मग सातवीत परीक्षेच्या आधी पुस्तकांना कव्हर घालायला तुमी मला बसवलं होतं, ध्यानात हाय का? आठी पुस्तकं हातात आली. तवा कळलं.”

“आणि तू कुणाला बोलली नाहीस?”

“आजाला बोलले. आजा म्हणाला, गप ऱ्हा, मास्तर आपण होऊन सांगतील. मी जाऊन इचारतो हुमनाबादचं, तवा सांगतीलच बघ.”

म्हणजे अप्पा त्या दिवशी दारात उभे राहिले ते सगळं ठाऊक असून. त्यांनी मला सांगायला जागा करून दिली होती. आणि घरी जाऊन त्यांनी या पोरीला काय सांगितलं असेल? ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी म्हटलं, “रेणू, माझं चुकलं. तुझं बरोबर होतं. मी ते जाणून...”

तिनं हातातला झारा खाली ठेवला. “सर, मला कामून सांगायलाव? मी त होतेच तिथं. मला ठाव हाय.” आणि हसली. चिडून नाही, खरंच हसली. “गावच्या जत्रंला गेले की ती सगळी भेटत्यात. अजून म्हणत्यात, आली का पंचेचाळीस! माझं नावच पडलंय ते. भाग्यश्रीपुढं बी म्हणत्यात. ज्यांना ठाव न्हाई त्यांना सांगा की.”

मग तिनं मला ताट वाढलं. भात मऊ होता, मीठ बरोबर होतं. निघताना मी विचारलं, “अप्पांची पोथी कुठं असते आता?”

“माझ्याकडंच हाय. यादी बी हाय मागं. दोरा एकदा बदलला.”

भाग्यश्रीच्या पुढच्या शिक्षणाचं मी त्या दिवशीच तिच्या मुख्याध्यापकांना स्पष्ट शब्दांत सांगून आलो. ते सोपं होतं. तिथं त्या जुन्या वर्गातलं कुणी ऐकत नव्हतं.

अवघड ते राहिलं आहे. त्या वर्गातली वीस जणं आता आपापल्या संसारात आहेत. कुणी शेती करतो, कुणी हुमनाबादच्या नाक्यावर लॉरीवर आहे, दोघी पुण्याकडं आहेत. पण जत्रेला सगळे वाडीत येतात. मागच्या जत्रेला मीही गेलो होतो. ती सगळी भेटली, माझ्या पाया पडली, एकानं मला चहा पाजला. मी चहा पिऊन परत आलो. मासिकाचा हा अंक त्यांच्यापैकी कुणाच्या हाती पडेल असं वाटत नाही, त्यामुळं इथं लिहून हे फिटत नाही.

रेणुकाच्या पुस्तकात विंचू पंचेचाळीसाव्या पानावरच होता. तिनं तो शोधला होता, बाकीच्यांनी पाठ केला होता, आणि हे मला माहीत होतं. ज्यांच्यासमोर मी तिला मंद म्हटलं, त्या वीस जणांसमोर उभं राहून मला हे सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.